आनगुओची औषधपेठ आणि सुईची शाळा

बीजिंगहून दक्षिणेकडे जाणारी जलद आगगाडी तासाभरांत बाओडिंगला येते. तेथून मोटारीनें आणखी दक्षिणेस वळलें म्हणजे हेबेई प्रांताचें सपाट मैदान दोन्ही बाजूंस पसरलेलें दिसतें. आम्ही गेलों ते दिवस आश्विनाचे होते. मका नुकताच निघाला होता. त्याचीं पिंवळीं कणसें घरांच्या धाब्यांवर आणि रस्त्याच्या कडेस वाळत पडलीं होतीं, आणि शेतकरी गव्हाच्या पेरणीस लागले होते. सोलापूर-बार्शीच्या सपाटीवर ज्यांचा जन्म गेला त्यांस अशी भूमि फारशी परकी वाटत नाहीं. कांहीं वेळानें मात्र शेतांचा रंग पालटूं लागला. मक्याच्या जागीं कोठें शेवंती, कोठें कोनफळासारख्या कंदांचे वेल, तर कोठें आम्हांस मुळींच न ओळखतां येणारीं रोपें दिसूं लागलीं. येथील शेवंती देवास वाहण्यासाठीं किंवा वेणींत माळण्यासाठीं लावलेली नसते; तिचीं फुलें वाळवून डोळ्यांच्या विकारांवर आणि तापावर काढ्यांत घालतात. हेंच आनगुओ. याचें जुनें नांव चीचौ. आपण जसा 'रत्नागिरी हापूस' म्हणतों, तसें या जुन्या नांवांतील 'ची' हें अक्षर येथील आठ प्रसिद्ध औषधींच्या नांवांआधीं लावण्याची चाल अद्यापि आहे.

या आडवाटेच्या गांवीं आम्ही कां गेलों, हें सांगितलें पाहिजे. कारण चीनला जाणारा प्रवासी भिंत आणि राजवाडा पाहून परततो, औषधांची पेठ पाहावयास सहसा कोणी जात नाहीं. आमच्या थोरल्या बंधूंची धाकटी कन्या आयुर्वेदाची पदवीधर आहे. दोन वर्षें चिनी भाषेचा अभ्यास केल्यावर तिनें एके दिवशीं घरांत जाहीर केलें कीं, चीनमध्यें जाऊन सुईचें व वनौषधींचें वैद्यक तेथील पांच वर्षांच्या अभ्यासक्रमांतून रीतसर शिकावें अशी तिची इच्छा आहे. घरांत तत्काळ दोन तट पडले. बंधूंचें म्हणणें असें कीं, पंचविशीच्या मुलीनें आणखी पांच वर्षें परमुलखांत आणि तींहि परक्या भाषेंत काढावीं, हें वाजवी नव्हे. तीन महिन्यांत सुया टोचावयास शिकविणारे वर्ग आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांपैकीं एकाचें प्रमाणपत्र भिंतीवर टांगलें म्हणजे काम भागतें. शिवाय चिनी वैद्यकाच्या पदवीवर भारतांत कोणासहि डॉक्टर म्हणून बसतां येत नाहीं, हेंहि त्यांनीं बजाविलें, आणि तें खरेंच आहे. वहिनी गप्प होत्या. त्या कां गप्प होत्या तें पुढें येईल. आत्याबाईंनीं 'तेथें ती जेवेल काय?' एवढाच प्रश्न विचारला. शेवटीं असें ठरलें कीं, आम्ही उभयतांनीं मुलीस बरोबर घेऊन जावें, सर्व स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें आणि मग घरीं काय तें कळवावें.

औषधी आनगुओस येऊन गेल्याखेरीज तिला गुण येत नाहीं, अशा अर्थाची एक म्हण या भागांत आहे. व्यापाऱ्यांच्या गांवची म्हण व्यापाऱ्यांनींच केलेली असावयाची, तेव्हां ती आम्हीं हंसून सोडून दिली. परंतु पेठेच्या मोठ्या दालनांत पाऊल टाकल्यावर तींत कांहीं तथ्य असावें असें वाटूं लागलें. तोंडें उघडीं ठेवलेल्या गोण्यांच्या रांगांमागून रांगा, आणि त्या सर्वांचा मिळून एक कडवट, मातकट, गोडसर वास. हा वास आम्हीं लहानपणीं घेतलेला आहे. आमचे आजोबा वैद्यकी करीत, आणि त्यांच्या औषधांचें फडताळ उघडलें कीं माजघरापर्यंत हाच दरवळ येई. गोण्यांतून हात घालून पाहतां सुंठ सांपडली, दालचिनी सांपडली, वेखंड, हळद आणि ज्येष्ठमध सांपडला. आणि एका गोणींत मूळचा आपल्याकडचा हिरडाहि भेटला. ज्येष्ठमध तर चिनी काढ्यांतून इतक्या वेळां येतो कीं, त्यास सर्व औषधांमध्यें सलोखा राखणारें औषध मानतात. घरोघरीं एखादी वडील बाई असते, जिच्यावांचून कार्य निभत नाहीं आणि जिचें नांव कोणी घेत नाहीं, तसें त्याचें आहे.

पुढच्या रांगेंत मात्र आमच्या सौभाग्यवती दोन पावलें मागें सरल्या. तेथें रातकिड्यासारख्या एका कीटकाच्या टाकलेल्या काती होत्या, वाळविलेले विंचू होते, आणि बांबूच्या काड्यांवर ताणून बसविलेल्या गोमा होत्या. पुतणीनें हळूच आठवण दिली, "काकू, गोरोचन, कस्तुरी आणि प्रवाळभस्म आपल्याहि फडताळांत होतेंच कीं." तेव्हां त्या पुन्हां पुढें झाल्या. सांगावयाचें इतकेंच कीं, ज्या मुलीस हें शास्त्र शिकावयाचें तिला या रांगेपुढेंहि उभें राहिलें पाहिजे. आणि ती उभी राहिली.

आनगुओच्या कारागिरांचीं चार कामें पूर्वापार नांवाजलेलीं आहेत. त्यांतील पहिलें ऐकून आम्हां सर्वांसच मौज वाटली, कारण तें सुपारी कातरण्याचें आहे. चिनी वैद्यकांत सुपारी जंतांवर आणि अपचनावर देतात. पण ती आख्खी उकळली तर तिचा गुण पाण्यांत उतरत नाहीं, म्हणून भिजवून मऊ केलेल्या एका सुपारीच्या शंभरांहून अधिक चकत्या करावयाच्या, अशी येथील कारागिरांची परंपरा आहे. आम्हांस एका कारखान्यांत हें काम पाहावयास मिळालें. कारागीर म्हातारा होता. त्याची सुरी एका टोंकास खिळीवर बसविलेली, आणि दुसऱ्या हातानें तो सुपारी केंसभर केंसभर पुढें सरकवीत होता. पडलेली चकती त्यानें आमच्या तळहातावर ठेवली, तेव्हां तिच्यांतून हातावरच्या रेषा दिसत होत्या. आमच्या आजी अडकित्त्यानें अशी कात्रण करीत कीं, पाहुणे विडा खाण्याआधीं सुपारीची वाखाणणी करीत; पण या म्हाताऱ्यापुढें आजींनींहि अडकित्ता खालीं ठेवला असता. दुसरें काम एका विषारी कंदाच्या पंखासारख्या पातळ चकत्या काढण्याचें, तिसरें हरणाचें कोंवळें शिंग कापण्याचें. चौथें काम, गेंड्याचें शिंग तासण्याचें, आतां उरलेलें नाहीं. १९९३ सालीं चीन सरकारनें त्या शिंगाचा व्यापार बंद केला, आणि तें योग्यच झालें.

औषध कापणें हें वैद्याचें काम कीं पंसाऱ्याचें, असा प्रश्न आमच्या मनांत आला. पुतणीचें उत्तर असें कीं, ज्याला कापलेल्या चकतीवरून मूळ ओळखतां येत नाहीं, त्यानें तें लिहून देऊं नये. ही अतिशयोक्ति नव्हे. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत बेल्जममध्यें शरीर बारीक करण्याच्या एका उपचारांत चिनी वनौषधी घातल्या जात. त्यांत फांगची नांवाचें एक मूळ हवें होतें. त्याच्या जागीं ग्वांग-फांगची नांवाचें दुसरें आलें. नांवांत एका शब्दाचें अंतर, आणि चकत्या दिसावयास सारख्याच. पण हें दुसरें मूळ आपल्याकडील सापसणीच्या, म्हणजे ईश्वरीच्या, कुळांतलें. त्यांतील अम्लानें शंभरांहून अधिक स्त्रियांचीं मूत्रपिंडें बिघडलीं, आणि पुढें कित्येकींस त्या मार्गाच्या कर्करोगानेंहि गांठलें. चीनच्या २००५ सालच्या औषधिसंहितेंतून तें मूळ काढून टाकण्यांत आलें. आपल्याकडेहि एकाच नांवाखालीं दोन-तीन निरनिराळ्या वनस्पति विकल्या जातात, हें ज्यांनीं रास्ना किंवा शंखपुष्पी आणावयास चार दुकानें पालथीं घातलीं आहेत त्यांस सांगावयास नको.

म्हणून येथील शिक्षणांत डोळा, नाक आणि जीभ यांची परीक्षा अगोदर. विद्यार्थ्यापुढें शेंकडों वाळक्या चकत्या मांडतात, आणि त्यानें त्या नांवानिशीं ओळखावयाच्या. कोणतें औषध कोणाबरोबर देऊं नये, याचे 'अठरा विरोध' आणि 'एकोणीस भयें' पद्यांत पाठ करावीं लागतात. काढ्यांचे पाठ पद्यांत बांधलेला वांग आंग या वैद्याचा १६९४ सालचा ग्रंथ अद्यापि विद्यार्थ्यांच्या तोंडीं असतो. आमचे आजोबा पहांटे वाग्भटाचे श्लोक म्हणत फेऱ्या घालीत, त्याचीच ही चिनी आवृत्ति. बचनागाच्या जातीचें एक मूळ तेथेंहि मोठ्या मानाचें औषध आहे. आपण बचनाग गोमूत्रांत शुद्ध करतों, ते तें मूळ खाऱ्या पाण्यांत भिजवून, उकळून, पुन्हां पुन्हां धुऊन घेतात. विष कमी होईपर्यंत धीर धरणें हें दोन्हीकडच्या वैद्यांस शिकावें लागलें आहे, आणि जे घाई करीत त्यांचे रोगी ती कथा सांगावयास उरले नसतील.

गांवांत वैद्यराजाचें म्हणून एक मंदिर आहे. तें बाराव्या शतकाच्या आरंभीं उभारलें गेलें असें सांगतात. समोर लोखंडाचे दोन उंच ध्वजस्तंभ आहेत. आंतील देव हा मूळचा हान काळांतील पी तुंग नांवाचा सरदार. पण त्याच्या भोंवतीं जुन्या काळच्या दहा नामांकित वैद्यांच्या मूर्ति बसविल्या आहेत, त्या आम्हांस अधिक भावल्या. वैद्यांच्या पुतळ्यांपुढें उदबत्ती लावणारे लोक पाहून आत्याबाईंस बरें वाटलें असतें.

पेठेंतून आम्ही प्रांताच्या राजधानीस, शिजियाझुआंगला गेलों. शहर मोठें, नवें आणि धुरकट आहे. एका गोष्टीवांचून तें विसरतांहि येईल, त्या गोष्टीकडे आम्ही शेवटीं येऊं. येथील संग्रहालयांत बाओडिंगजवळच्या मानचेंग येथें १९६८ सालीं सांपडलेल्या थडग्यांतील वस्तु आहेत. ख्रिस्तपूर्व ११३ मध्यें वारलेल्या ल्यू शेंग या राजास हरितमण्याच्या २४९८ तुकड्यांचा, सोन्याच्या तारेनें शिवलेला अंगरखा घालून पुरलें होतें. लोक त्या अंगरख्यापुढें गर्दी करतात. आम्ही पाहावयास गेलों तें त्याच थडग्यांत सांपडलेल्या सुया: चार सोन्याच्या, आणि कांहीं मोडक्या रुप्याच्या. दोन हजार वर्षांपूर्वीं राजाच्या वैद्यानें त्या धरल्या असतील. आजची सुई पोलादी, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, आणि एकदां वापरून टाकून देण्याची.

येथें चिनी वैद्यकाचें प्रांतिक विद्यापीठ आहे. तेथील एका वर्गाबाहेर एक पितळी पुतळा उभा होता, आणि त्याच्या अंगभर बारीक भोंकें होतीं. मूळ पुतळे दोन. वांग वेइयी या राजवैद्यानें १०२७ सालीं सुंग सम्राटाच्या आज्ञेनें ते घडविले. परीक्षेच्या वेळीं पुतळ्यास बाहेरून मेण फांसून आंत पाणी भरीत, आणि विद्यार्थ्यास सांगितलेल्या स्थानीं सुई टोचावयास लावीत. स्थान बरोबर असेल तर पाण्याचा थेंब बाहेर येई. चुकलें तर सुई धातूवर अडे. परीक्षकास बोलावयाचें काम नसे. आपल्याकडील परीक्षांविषयींच्या तक्रारी ऐकतांना ही युक्ति आम्हांस वारंवार आठवते.

आज स्थानें शिकविण्यास पुतळ्यापेक्षां जिवंत शरीराचाच उपयोग अधिक होतो. जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलेलीं स्थानें ३६१ आहेत, आणि तीं मोजावयाचें माप रोग्याच्याच हाताचें. त्याच्या आंगठ्याची सांध्यावरील रुंदी म्हणजे एक 'चुन'. चार बोटें जोडून धरलीं म्हणजे तीन. गुडघ्याखालीं तीन चुन आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूस एक बोट सरकलें कीं 'त्सू-सान-ली' हें प्रसिद्ध स्थान येतें. उंच माणसाचें तें खालीं, बुटक्याचें वर, आणि तरी माप प्रत्येकास बिनचूक. सुश्रुतादिकांनीं सांगितलेलें अंगुलप्रमाण हेंच नव्हे काय? पुतणीनें तें शिक्षिकाबाईंस सांगितलें, तेव्हां त्यांनीं तें वहींत टिपून घेतलें. नाडीहि ते तीन बोटांनींच पाहतात. मात्र आपण जेथें वात, पित्त, कफ म्हणतों, तेथें ते दोन्ही हातांच्या तीन-तीन जागांवरून निरनिराळ्या अवयवांचा अंदाज घेतात, आणि नाडीचे अठ्ठावीस प्रकार सांगतात. जीभ तर ते इतकी न्याहाळतात कीं, आमच्या सौभाग्यवतींनीं वर्गांत पुन्हां तोंड उघडलें नाहीं.

पहिल्या सत्रांत सुई माणसाच्या अंगांत जातच नाहीं. कागदाच्या पुष्कळ घड्या करून दोऱ्यानें बांधलेली लहान गादी प्रत्येक विद्यार्थ्याजवळ असते, आणि तींत त्यानें दिवसचे दिवस सुई फिरवीत आंत घालावयाची. जोर मनगटाचा नव्हे, बोटांच्या टोंकांचा. मग कापसाचा घट्ट गोळा. मग स्वतःचा पाय. त्यानंतर शेजारच्या विद्यार्थ्याचा. स्वतःस टोचल्याशिवाय दुसऱ्यास टोचावयाचें नाहीं, हा नियम आम्हांस फार आवडला. सुई योग्य जागीं पोंचली म्हणजे रोग्यास आंबल्यासारखें, जड, बधिर किंवा तटतटल्यासारखें वाटतें आणि वैद्याच्या बोटास सुई धरल्यासारखी लागते; मासा गळास लागतो तशी, असें ते म्हणतात. आमच्या पायांत शिक्षिकाबाईंनीं एक सुई घातली. दुखलें नाहीं, पण नडगीवरून खालीं कांहीं तरी जडसें सरकत गेलें खरें.

याच वर्गांत खांद्यावरील एका स्थानाचा पाठ चालला होता. मान आणि खांद्याचें टोंक यांच्या मधोमध असलेल्या या जागेस 'ज्येन-चिंग', म्हणजे खांद्याची विहीर, असें नांव आहे. शिक्षिकाबाईंनीं फळ्यावर फुप्फुसाचें चित्र काढलें, त्याचें टोंक या जागेखालीं किती जवळ येतें तें दाखविलें, आणि सरळ खोल सुई घातली तर काय होतें तें सांगण्यांत अर्धा तास घालविला. पोटावर सुई कांहींशी खोल गेली तर चालते, पाठीवर मुळींच नाहीं, हें त्या विद्यार्थ्यांकडून पुन्हां पुन्हां वदवून घेत होत्या. आमच्या पुतणीचा चेहरा पांढरा पडला होता. तीन वर्षांपूर्वीं वहिनींचा खांदा आखडला असतां एका सुईवाल्याकडे त्यांना नेलें होतें. त्याचें तीन महिन्यांचें प्रमाणपत्र भिंतीवर होतें. याच विहिरींत त्यानें सुई घातली. संध्याकाळीं वहिनींस धाप लागली, रात्रीं श्वास घेतां येईना. रुग्णालयांत चित्र काढलें तेव्हां छातींत हवा शिरून एका बाजूचें फुप्फुस मिटलेलें दिसलें. नळी घालून हवा काढावी लागली, आणि पांचव्या दिवशीं त्या घरीं आल्या. मुलगी तेव्हां शेवटच्या वर्षांत होती; चार रात्री ती खाटेजवळ बसून होती. या विषयावर ती घरांत कधीं बोलली नाहीं, आणि वहिनीहि बोलल्या नाहींत. परंतु चिनी भाषेचें पहिलें पुस्तक तिनें त्याच महिन्यांत आणलें.

सुश्रुतानें शरीरांत १०७ मर्में सांगितलीं, तीं मुख्यतः शस्त्र चालवितांना जपण्यासाठीं. चिनी वैद्यांनीं स्थानें सांगितलीं तीं सुई घालण्यासाठीं. कागदावर हीं दोन शास्त्रें उलट दिसतात. त्या फळ्यापुढें मात्र तीं एकच आहेत असें वाटलें. सुई घालावयास तीन महिने कदाचित् पुरत असतील. कोठें घालूं नये, किती घालूं नये, आणि कोणत्या रोग्यास सुई न देतां थेट रुग्णालयांत पाठवावें, यासाठीं शरीरशास्त्र, विकृतिशास्त्र आणि शेवटचें जवळजवळ वर्षभर रुग्णालयांतील उमेदवारी लागते; पांच वर्षांचा बराच भाग त्यांतच जातो.

सुईनें खरोखर गुण येतो काय, हा प्रश्न कोणीहि विचारील, आणि तो टाळणें बरें नव्हे. जर्मनींत कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांवर केलेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाले. खऱ्या स्थानीं सुया घेतलेल्यांपैकीं शेंकडा ४७.६ जणांस सहा महिन्यांनंतर बरें वाटलें. मुद्दाम चुकीच्या जागीं वरवर टोचलेल्यांपैकीं शेंकडा ४४.२ जणांस, आणि नेहमींच्या औषधोपचारांनीं २७.४ जणांस. हे आंकडे सुईवाल्यांस आणि त्यांच्या निंदकांस सारखेच अडचणींत टाकणारे आहेत. सुई नेहमींच्या उपचाराहून सरस ठरली, पण स्थानांचें एवढें जपलेलें गणित तिच्या गुणाचें कारण नसावें अशी शंकाहि तींतूनच येते. पुतणीस हे आंकडे पाठ आहेत. तिचें म्हणणें असें कीं, रोग्याची दोन तास विचारपूस करणारें वैद्यक कशानें गुण देतें हें तपासावयाचें असेल, तर आधीं तें पुरतें शिकलें पाहिजे. वनौषधींचें पारडें यापेक्षां भारी आहे: हिंवतापावरील आर्तेमिसिनिन हें औषध थू यूयू या विदुषीनें चौथ्या शतकांतील एका ग्रंथाच्या सूचनेवरून हुडकलें, आणि २०१५ सालीं तिला नोबेल पारितोषिक मिळालें.

या विद्येस चीनमध्यें नेहमींच मान होता असें मात्र कोणी समजूं नये. १८२२ सालीं सम्राटानेंच राजवैद्यशाळेंतून सुईचें शिक्षण बंद केलें, आणि १९२९ सालीं तर सर्व जुन्या वैद्यकावर बंदी घालण्याचा ठराव सरकारी समितीपुढें आला होता. जुनें वैद्यक पुन्हां शाळेंत आलें तें युद्धाच्या टंचाईनें. औषधें नव्हतीं, सुया होत्या. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या जू ल्येन या स्त्रीनें येनआन येथें एका वृद्ध सुईवैद्याकडे ही विद्या घेतली आणि १९५१ सालीं तिचें नवें पाठ्यपुस्तक लिहिलें. १९५६ सालीं पहिलीं चार महाविद्यालयें निघालीं. जू ल्येनचें नांव पुतणीनें आम्हांस तीनदां ऐकविलें. त्याचा अर्थ आम्ही समजलों.

आतां ती राहिलेली गोष्ट. शिजियाझुआंगच्या हुतात्म्यांच्या उद्यानांत डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें स्मारक आणि पुतळा आहे. सोलापूरचा हा तरुण १९३८ सालीं भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला. पथकांत नागपूरचे डॉ. चोळकर हेहि होते. कोटणीस शस्त्रवैद्य होते, सुईशीं त्यांचा संबंध नव्हता. परंतु चिनी भाषा शिकून त्या भाषेंतच ते याच प्रांतांतील डोंगराळ तांग परगण्यांत बेथ्यून वैद्यकशाळेच्या विद्यार्थ्यांस शिकवीत, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, तेथेंच वारले. त्यांच्याच पथकांतील डॉ. बसु पुढें पुन्हां चीनला जाऊन सुईचें वैद्यक शिकून आले आणि १९५९ सालीं कलकत्त्यास त्यांनीं तें सुरू केलें. आपल्या देशांत ही विद्या आणण्याचें श्रेय सामान्यतः त्यांसच देतात. आज महाराष्ट्रांत तिच्यासाठीं २०१५ सालचा स्वतंत्र कायदा आहे. पुतळ्यापुढें शाळेंतल्या मुलांनीं ठेवलेलीं फुलें होतीं. त्यांत शेवंतीहि होती. पुतणीनें शिलालेख आम्हांस सावकाश वाचून दाखविला, दोन अक्षरांवर अडली, आणि तीं तिनें हातावर लिहून घेतलीं.

त्याच रात्रीं आम्हीं बंधूंस सविस्तर लिहिलें: जावयाचें तर पांच वर्षांसाठीं जावें, नाहीं तर हा नाद सोडून आयुर्वेदांतच राहावें, मधली वाट काढूं नये. खर्चाचे आंकडे लिहिले, मुलींच्या वसतिगृहाची खोली पाहिली तें लिहिलें, आणि फळ्यावरच्या त्या फुप्फुसाचेंहि लिहिलें. उत्तर तीन दिवस आलें नाहीं. चौथ्या दिवशीं आलें तें वहिनींचें होतें, आणि घरांत आल्यापासून वहिनींनीं आम्हांस लिहिलेलें हें पहिलेंच पत्र. बंधूंनीं होकार दिला आहे; अट एवढीच कीं, भाषेची वरच्या पायरीची परीक्षा उतरल्यावर प्रवेश घ्यावा आणि तोंवर वर्षभर एखाद्या जुन्या वैद्यांकडे औषधें कुटण्याची उमेदवारी करावी. तिनें ती सुरू केली आहे. आत्याबाईंच्या प्रश्नास आम्हीं असें उत्तर दिलें कीं, भात, पालेभाज्या आणि सोयाबीनचें पनीर तेथें हवें तितकें मिळतें, मात्र त्यांत मांसाचा रस्सा घालूं नका असें दर वेळीं बजावून सांगावें लागतें. त्यांचा या उत्तरावर विश्वास बसलेला नाहीं. प्रवेशास अद्यापि वर्ष आहे. मेतकूट किती दिवस टिकतें याची त्यांची चौकशी मात्र आतांपासूनच चालू आहे.